एक नंबरची पिवळी जर्सी

जगातली बहुतेक माणसं मूर्ख असतात असं गोलीकाकूंचं ठाम मत होतं, आणि ते त्यांनी कधी कोणापासून लपवलं नाही. त्यातही जुन्या जर्स्या जपणाऱ्यांबद्दल त्यांच्या मनात जी तुच्छता होती, तिला तोड नव्हती. बोईसरच्या बाजारात त्या सुक्या मासळीच्या टोपल्या मांडून बसत. समोर कोणी हॉकीची जर्सी घालून आला की हातातले बोंबील खाली ठेवायच्या, त्याची बाही दोन बोटांत धरून चोळायच्या आणि नाक मुरडून म्हणायच्या, “हॅट्! हे कापड हाय का पिशवी?” माणूस ओळखीचा असलाच पाहिजे अशी अट नव्हती. एकदा सरकारी गाडीतून उतरलेल्या एका साहेबांची बाहीही त्यांनी अशीच चोळली. साहेबांनी सुकट न घेताच काढता पाय घेतला.

गोली म्हणजे गोलकीपर. काकूंचं खरं नाव मंदाकिनी. तारापूरच्या किनाऱ्यावरचं दांडी हे त्यांचं माहेरही आणि सासरही. बोईसरच्या एका कापड कारखान्याने एके काळी बायकांचा हॉकी संघ बाळगला होता, आणि त्या संघाच्या गोलात काकू उभ्या राहत. संघाची जर्सी गडद लाल, गोलकीपरची पिवळी, पाठीवर काळ्या रंगात एकचा आकडा. कारखान्यामागच्या मुरमाच्या मैदानावर सामना असला की कॉलनीतली आम्ही सगळी पोरं कुंपणावर चढून बसायचो. माझे वडील त्याच कारखान्यात मागावर होते. आम्ही मूळचे कराडकडचे, म्हणून काकूंच्या लेखी मी जन्मभर ‘घाट्या’ राहिलो. माझं नाव त्यांना माहीत होतं. ते वापरावं असं त्यांना कधी वाटलं नाही, एवढंच.

जर्सीचं कौतुक त्यांच्या पिढीतल्या खेळाडूंना नव्हतंच. जर्सी कंपनीची. सामना संपला की काढून टोपलीत टाकायची, धोब्याकडून आली की पुढच्या वेळी हाताला लागेल ती अंगात घालायची. “एकीच्या बगलेत दुसरीचा वास,” काकू सांगत. “त्यात कसलं आलंय प्रेम?” पुढे कारखाना बंद पडायच्या सुमारास संघ मोडला तेव्हा कपडे वाटून टाकले आणि पिवळी जर्सी काकूंच्या वाट्याला आली. त्यांनी तिची चुंबळ केली. मासळीची टोपली डोक्यावर घेताना खाली ठेवायची कापडाची गुंडाळी. दोन-तीन पावसाळे चालली, मग विरली, मग चुलीत गेली. हे मला सांगून झाल्यावर काकूंनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळल्या.

ज्यांनी जर्सी कधी घातली नाही त्यांना मात्र तिचं फार. वडिलांच्या वयाची मंडळी चहाच्या टपरीवर जमली की “आमच्या वेळी ती लाल जर्सी अंगावर चढली की माणूस बदलायचा” असं सुरू व्हायचं. काकू तिथून जात असल्या तर थांबायच्या. “तुमच्या वेळी तुमी कुंपनाला टेकून चणे खायचात. जर्सी आमच्या अंगावर होती. आमी काय बदललो? घरी जाऊन भाकऱ्याच थापल्या.” म्हातारे खाली मान घालून बशीतला चहा फुंकायचे.

माझी पिढी त्याहून वाईट निघाली, हे मी त्याच पिढीचा असल्यामुळे खात्रीने सांगू शकतो. आम्ही खेळलो नाही, जे बघितलं ते अर्धवट वयात बघितलं, आणि उरलेलं आयुष्य त्यावर गहिवरून काढलं. कारखाना बंद पडला, मैदानावर गोदामं उभी राहिली, तेव्हा आमच्यातल्या एकानेही तोंड उघडलं नाही. मग गळा काढायला मोबाइलवर ग्रुप केला. एका जुन्या खेळाडूच्या माळ्यावरून मी एक लाल जर्सी मिळवली, फ्रेम करून बैठकीच्या खोलीत लावली आणि काकूंना मुद्दाम घरी बोलावलं. त्यांनी फ्रेमकडे बघितलं, मग माझ्याकडे. “घाट्या, काचेत मेलेल्याला ठेवतात. हार कुठं हाय?”

माझी मुलगी रिद्धी पालघरला कॉलेजात आहे. तिच्या वयाच्या पोरांना तर जर्सी कोणाची याच्याशीही देणंघेणं नाही. जुनी दिसली पाहिजे म्हणजे झालं. मोबाइलवरून जुन्या धाटणीच्या नव्या जर्स्या मागवायच्या, त्यावर स्वतःचं नाव छापून घ्यायचं आणि समुद्राकडे पाठ करून फोटो काढायचे. ती तसली जर्सी घालून माझ्याबरोबर बाजारात आली तेव्हा मला पुढचं दिसत होतंच. काकूंनी तिला गोल फिरवलं, पाठ वाचली. “पाठीवर स्वतःचं नाव? तुला तरी वाचता येतं का?” रिद्धी खो खो हसली. काकूंच्या शिवीला हसणारं माणूस बाजाराने बहुधा पहिल्यांदाच पाहिलं. त्यानंतर रिद्धी सुट्टीच्या दिवशी त्यांच्या टोपल्यांशी जाऊन बसू लागली. काकू मला म्हणाल्या, “हिला अक्कल कमी हाय, पन कान हायत. तुला दोनी नाय.”

आता त्या सामन्याविषयी सांगायला हवं, कारण आमच्या सगळ्या गहिवराचं मूळ तिथे होतं. स्पर्धेचा अंतिम सामना, आमचा संघ एका गोलाने पुढे, वेळ संपत आलेली, आणि पंचांनी आमच्याविरुद्ध पेनल्टी स्ट्रोक दिला. समोरच्या संघाची सगळ्यात तगडी फॉरवर्ड चेंडूपाशी उभी राहिली. गोलात पिवळी जर्सी, तोंडावर हेल्मेट, पायांना पॅड. तिने चेंडू उजव्या वरच्या कोपऱ्यात उचलला आणि पिवळी जर्सी आडवी हवेत गेली. चेंडू हाताला लागून बाहेर. लाउडस्पीकरवरचा माणूस “मंदाकिनी! मंदाकिनी!” असं ओरडत सुटला. वडिलांनी मला खांद्यावर घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला, खाली नाव मंदाकिनी. बोईसरपासून तारापूरपर्यंत तीन पिढ्या हा प्रसंग सांगत आल्या. दर वेळी उडी थोडी जास्त लांब जाते.

गेल्या वर्षी आमच्या ग्रुपचं मंडळ झालं. मंडळाला अध्यक्ष मिळाले. हॉकी स्टिकची कुठली बाजू चेंडूला लावतात हे ज्यांना अजून उमगलेलं नाही असे ते सद्गृहस्थ होते, पण हॉल त्यांच्या ओळखीचा होता. पालघरला, कोळगावच्या बाजूला. जुन्या खेळाडूंचा सत्कार आणि जुन्या जर्स्यांचं प्रदर्शन असा बेत ठरला. प्रदर्शनाच्या मधोमध पिवळी जर्सी हवीच होती. अध्यक्ष स्वतः दांडीला गेले, मीही बरोबर होतो. काकू अंगणात बोंबील वाळत घालत होत्या. त्यांनी चुंबळ आणि चुलीची हकिगत जशीच्या तशी सांगितली. अध्यक्षांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं. “अहो, इतिहास जाळलात तुम्ही!”

“इतिहास नाय,” काकू म्हणाल्या. “पानी तापवलं.”

तरी मंडळ हटलं नाही. जर्सी नाही तर करून घेऊ, असं ठरलं. ते काम रिद्धीकडे आलं. तिने जुन्या फोटोवरून तशीच पिवळी जर्सी शिवून घेतली, चहाच्या पाण्यात बुडवली, उन्हात टाकली, कोपरांवर घासकाम केलं. चार दिवसांत जर्सी चाळीस वर्षांची दिसू लागली. मंडळातल्या पन्नाशीच्या बाप्यांचे डोळे ती बघून खरोखर भरून आले. चहा कळत असूनही भरून आले. आम्ही कोणत्या थराला गेलो होतो ते यावरून समजावं.

कार्यक्रमाला काकू जरीचं लुगडं नेसून आल्या. पुतळ्यावर चढवलेली पिवळी जर्सी स्टेजच्या कडेला होती. त्या सरळ तिथे गेल्या, बाही चोळली, मग वाकून हुंगली. “चहा,” त्या मोठ्यांदा म्हणाल्या. “साखर टाकलीय का ह्यात?” हॉल हसला. अध्यक्षांनी घाईघाईने त्यांच्या हातात माइक दिला आणि त्या ऐतिहासिक स्ट्रोकविषयी दोन शब्द सांगण्याची विनंती केली.

“तो स्ट्रोक मी नाय अडवला,” काकू म्हणाल्या.

पुन्हा हशा, आणि टाळ्या.

“हसता काय? पहिल्या हाफात माझ्या अंगठ्याचं नख निघालं. हाफटाइमाला शेडमधी मी जर्सी काढली, वनशीच्या अंगात घातली. हेल्मेट तिला दिलं, पॅड दिले. गोलकीपरचा कपडा एकच होता आमच्याकडं. स्ट्रोक वनशीनं अडवला. डोंगरातली वनशी. माझ्यापेक्षा चांगली होती ती. इतकी वरसं सांगते हाय.”

हे खरं होतं. त्या इतकी वर्षं सांगत होत्या. मीच किमान पाच-सहा वेळा ऐकलं होतं आणि दर वेळी माझ्या मनात आलं होतं, किती मोठ्या मनाची बाई. अध्यक्षांनी माइक परत घेतला. “बघा, केवढी ही नम्रता!” गोलीकाकूंना नम्र म्हणणारा तो या पृथ्वीतलावरचा पहिला आणि शेवटचा माणूस. हॉल उभा राहिला, टाळ्या थांबेनात. काकूंनी शाल खुर्चीवर टाकली, नारळ तेवढा घेतला आणि स्टेजवरून उतरल्या.

परतताना त्या माझ्या गाडीत होत्या. रिद्धी मागे त्यांच्या शेजारी बसली होती.  मग रिद्धीने विचारलं, “आजी, वनशी आता कुठे असते?”

एवढा साधा प्रश्न. चाळीस वर्षांत तो कोणी विचारला नव्हता. टपरीवरच्या म्हाताऱ्यांनी नाही, आमच्या ग्रुपने नाही. आम्हाला जर्सी माहीत होती, तिच्या आत कोण होतं याची आम्हाला गरज पडली नव्हती. काकू बोलल्या तेव्हा आवाज बाजारातला नव्हता.

दोघीही कारखान्यात टेम्पररी होत्या, पॅकिंगला. वनशीचं नाव त्या स्पर्धेच्या संघात दिलेलंच नव्हतं, म्हणून कोचने सगळ्यांना दम भरला की गप्प राहा, नाहीतर जिंकलेली ढाल परत करावी लागेल. पोरी गप्प राहिल्या. दिवाळीनंतर मॅनेजरने काकूंना बोलावून सांगितलं, त्या स्ट्रोकबद्दल कंपनी तुला कायम करते आहे. काकूंनी तिथेच सांगितलं, ती मी नव्हे, वनशी. मॅनेजर म्हणाला, “जर्सी एक नंबरची होती ना? मग झालं.” वनशी तेव्हा काम सोडून घरच्यांबरोबर वीटभट्टीवर गेली होती. काकू तिच्या पाड्यावर जाऊन आल्या. झोपडीच्या दाराला काट्या लावलेल्या होत्या. नोकरी काकूंनी घेतली.

“पावसाला ती परत आली असनार,” काकू म्हणाल्या. “तेव्हा मी नाय गेले.”

“का?” रिद्धी.

“कुठल्या तोंडानं जाऊ?”

मला तेव्हा कळलं की पाडा त्यांना ठाऊक होता. सगळी वर्षं ठाऊक होता. कारखाना बंद पडेपर्यंतचा प्रत्येक दिवस त्यांनी त्या ओझ्याखाली काढला होता, आणि ज्याच्या-त्याच्या जर्सीवर त्या ज्या तुच्छतेने तुटून पडत, तिचा बराचसा वाटा त्यांनी स्वतःसाठी राखून ठेवला होता.

त्याच आठवड्यात रिद्धीने हट्टाने आम्हाला मनोरच्या पुढे डोंगराकडे नेलं. भातकापणी चालू होती. गाडी जिथे थांबली तिथून बांधावरून चालत जावं लागलं. आमच्या पुढे काकू, एका हाताने लुगडं सावरत, वाटेतल्या दगडांना नावं ठेवत. शेताच्या एका तुकड्यात काळीसावळी, सडसडीत बाई विळा घेऊन ओणवी होती. तिने मान वर केली, काकूंना खालपासून वरपर्यंत बघितलं. मग त्यांच्या उजव्या हाताकडे बोट केलं.

“अंगठा बरा झाला का?”

काकूंनी अंगठा वर करून दाखवला. नख वेडंवाकडं उगवलेलं होतं. मग बांधावर उभ्या उभ्याच, नमस्कार-चमत्कार न करता म्हणाल्या, “वनशे, तुझ्या स्ट्रोकवर माझी नोकरी लागली.”

“ठाऊक हाय. बाजारात ऐकलं.”

“मग आली का नायस?”

“मी कशाला येऊ?” वनशी म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. “तू यायचीस.”

काकूंनी लुगड्याला चिकटलेलं कुसळ काढलं.  “हां,” त्या म्हणाल्या. “मीच यायला पायजे होतं.” वनशीने ठीक आहे म्हटलं नाही, जाऊ दे म्हटलं नाही. तिने भाताचा अर्धा कापलेला चूड पुरा कापला, पेंढी बांधली, बाजूला ठेवली. मग म्हणाली, “चला. चा पिऊ.”

झोपडीच्या ओट्यावर कोरा चहा आला. रिद्धीला राहवेना. तो चेंडू उजवीकडे येणार हे कळलं कसं, असं तिने विचारलं. वनशीने आश्चर्याने तिच्याकडे बघितलं. “तिनं आदीच तिकडं बघितलं ना. दोनदा बघितलं. येडीच होती ती.”

“येडी होतीच!” काकू उसळून म्हणाल्या. “अजून तशीच हाय. डहाणूला ऱ्हाते. मच्छी घेताना माझ्याकडं बघून दुसरीकडनं घेते, तिला वाटतं मला कळत नाय.” वनशी पदर तोंडाला लावून हसू लागली. मग दोघींनी मिळून त्या संघाची एकेक खेळाडू काढली, कोण डोळे मिटून मारायची, कोण पळताना रडायची. त्यानंतर आमचा संघ. त्यानंतर कोच. कोणाचीही गय झाली नाही. इतका शुद्ध, इतका एकमताचा तिरस्कार मी आयुष्यात ऐकलेला नाही. ऊन कललं तरी त्या थांबल्या नव्हत्या.

मी बावळटासारखा मंडळातर्फे वनशीच्या सत्काराचं बोललो. ती म्हणाली, “तिकडं येऊन काय करू?” आणि काकूंनी माझ्याकडे असं बघितलं की मी चहाचा रिकामा कप पुन्हा तोंडाला लावला.

भात निघाल्यावर वनशी बाजारच्या दिवशी बोईसरला येऊ लागली. काकूंनी टोपल्या सरकवून तिला जागा करून दिली होती. एकीकडे बोंबील, दुसरीकडे वालाच्या शेंगा आणि कंद. जर्सी घातलेलं कोणी पुढ्यातून गेलं की आता दोन्हीकडून बोलणं बसे. रिद्धीने त्या दोघींचा फोटो काढायचा एकदाच प्रयत्न केला. वनशी म्हणाली, “शेंगा घे, नायतर सरक.” बाजारातले लोक सांगतात, तेवढे चार महिने काकूंना ओरडून बोलताना कोणी ऐकलं नाही. टाकून बोलायच्या, पण हळू.

होळी यायच्या आधी काकू गेल्या. सकाळी उठून अंगणात आल्या आणि तिथेच बसल्या, ते परत उठल्या नाहीत. आम्ही दांडीला पोचलो तेव्हा घर बायकांनी भरलं होतं. काकूंच्या उशाशी वनशी बसली होती. तिची सून तिला मिळेल त्या पहिल्या एसटीने घेऊन आली होती. ती रडत नव्हती. काकूंच्या कपाळावर बसू पाहणारी माशी हाताने वारत होती.

थोड्या वेळाने दोन गाड्या आल्या. अध्यक्ष उतरले, मागे मंडळ, सगळ्यांच्या अंगात लाल जर्स्या. अध्यक्षांच्या हातात नवी कोरी पिवळी जर्सी होती, रेशमासारखी झुळझुळीत, पाठीवर एकचा आकडा आणि वर मंदाकिनी असं नाव. पाठ वर येईल अशी घडी घातलेली. फोटोवाल्याला खूण झाली. अध्यक्षांनी ती गंभीर चेहऱ्याने उलगडली आणि काकूंच्या अंगावर, लुगड्यावरून, नीट पसरली. मंडळाने माना खाली घातल्या. मीही घातली, सवयीने.

वनशी उठली. तिने जर्सी दोन्ही हातांनी उचलली, बाह्या आत घेऊन शांतपणे घडी घातली आणि अध्यक्षांच्या हातात परत दिली.

“तिला उकडंल,” ती म्हणाली, आणि पुन्हा उशाशी जाऊन बसली.

अध्यक्ष घडी छातीशी धरून तसेच उभे राहिले. मग माझ्याकडे सरकले. ज्या हॉलमध्ये काकूंनी माइकवरून वनशीचं नाव घेऊन सगळं सांगितलं होतं, तिथे हेच गृहस्थ त्यांना खेटून उभे होते, टाळ्याही त्यांनीच सुरू केल्या होत्या.

“ही बाई कोण?” त्यांनी कुजबुजत विचारलं.

“गोलकीपर,” मी म्हणालो.